कोपर आणि पोट एकाच माणसाचं

१४ ऑक्टोबर, योकोते

चि. मिसाओ,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याचं विचारायची रीत आहे, ते विचारलं असं समज. इकडे सफरचंदं उतरवून झाली, थंडी पडायला लागली, बस्स.

तुझं कार्ड मिळालं. मार्चअखेरीस दुसरं बाळ येणार, ही बातमी अशी चार ओळींत कळवायची असते का गं? वर लिहितेस, ‘बाळंतपण नागोयातच करायचं ठरवलंय, काळजी नसावी.’ काळजी नसावी म्हणे! मी काय वीज मंडळाची बाई आहे, कळवलं की झालं?

फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतेस आणि इकडे तुझे बाबा टीव्हीचा आवाज बारीक करून कान लावून बसतात. वर विचारलं तर म्हणतात, ‘मी कुठे ऐकत होतो?’ पत्र बरं. ते टॅक्सी घेऊन गेले की मी लिहायला बसते, कुणाची कटकट नाही.

तीन वर्षांपूर्वी सायोच्या वेळी तू बाळंतपणाला घरी आलीस आणि महिना व्हायच्या आत बॅग भरून परत गेलीस. त्यावर आपण तिघंही आजवर एक अक्षर बोललो नाही. सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली. आता मीच बोलते, मला नाही जमत असलं.

त्या संध्याकाळी बाबा नेहमीसारखे पहिले अंघोळीला गेले. आपल्या घरात कायम तसंच चालत आलंय. अंग बाहेर धुवायचं, मग टबातल्या गरम पाण्यात उतरायचं, आणि एकाचं झालं की त्याच पाण्यात दुसऱ्याने. तू लहानपणी त्यांच्याबरोबरच उतरायचीस. त्या दिवशी ते अंगावरच्या चट्ट्यांना मलम लावत बाहेर आले आणि तू आत जाऊन टबाचं बूच काढलंस. सगळं पाणी सोडून दिलंस आणि टब ब्लीच घालून घासलास. ते इथे चहा पीत बसले होते. ब्लीचचा वास स्वयंपाकघरापर्यंत आला. त्यांनी कपातून डोकं वर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ड्रायव्हरचे पांढरे हातमोजे घालून जेवायला बसले. भाताचा वाडगासुद्धा तुला मोजे घालून दिला. तुला वाटलं, टोमणा मारतायत. तू भडकलीस, ‘बाबा, हे नाटक कशाला?’ म्हणालीस, ते उठून गेले, आणि पुढचं तुला माहीतच आहे.

तुला जे माहीत नाही ते सांगते. ते मोजे अजून उतरलेले नाहीत. घरात, जेवताना, पेपर वाचताना, सगळीकडे मोजे. अंघोळीला आता ते सगळ्यांत शेवटी जातात, पाणी स्वतः सोडून देतात, टब स्वतः घासतात. त्या पाण्यात मी कपडे धुवायची, तेही गेलं.

एवढंच. बाळंतपणाला घरी ये. हे मी माझ्या मनाने लिहितेय, त्यांनी काही सांगितलेलं नाही.

आई

२ नोव्हेंबर

चि. मिसाओ,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी लिहिणार.

बाबांना दवाखान्यात नेलं. खरं तर ते स्वतःच्या पायाने गेले आणि हा चमत्कार कसा झाला ते ऐक. सकाळी कामावर निघताना त्यांच्या हातात मोजे जाईनात. बोटं सुजून आली होती, सांधे आखडले होते. ओढतायत, ओढतायत, मोजे काही चढेनात. मोज्यांशिवाय टॅक्सीत बसायचं नाही हा कंपनीचा नियम, आणि मोज्यांशिवाय जगायचं नाही हा यांचा. मग काय, गपचूप म्हणाले, ‘फुसाए, ती बाजारपेठेतली कातडीची डॉक्टर आज असते का गं?’ मी कोट घालून तयारच उभी!

डॉक्टर म्हणजे पोरगीच आहे, तुझ्याहून लहान. नाव निइनुमा. तिने कोपरं पाहिली, नडग्या पाहिल्या, केसांतलं पाहिलं, नखांवर बोट फिरवलं. सोरायसिस म्हणाली, ते आपल्याला माहीतच होतं. बोटांची सूजही त्यातलीच, ती अंगावर काढायची नाही म्हणाली. मग उठली आणि टेप काढून बाबांच्या पोटाभोवती टाकली.

बाबा चिडले. ‘मी कोपर दाखवायला आलो, पोट कशाला मोजता?’

ती म्हणाली, ‘कोपर आणि पोट एकाच माणसाचं आहे ना, ओयामादासान?’

मला हसू आवरेना. टेपवर आलं सत्त्याण्णव सेंटीमीटर.

आता गंमत बघ. कंपनीच्या दरवर्षीच्या तपासणीत यांची कंबर चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशीच्या वर गेलं की नर्सबाई बोलावून घेते आणि भात किती खायचा ते शिकवते. म्हणून यांचं सगळं टोळकं आधीचे चार दिवस साकेची बाटली बंद करतं, आदल्या रात्री उपाशी झोपतं आणि टेप आली की श्वास आत ओढून धरतं. हाताकेयामा नावाचा तो जाडा ड्रायव्हर आठवतो? तो सगळ्यांचा गुरू. टेप गुंडाळली की पोट आत, मान वर, नजर छताकडे. इतकी वर्षं सगळे ड्रायव्हर ठणठणीत. एकाला पोट म्हणून नाही!

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘म्हणजे तुम्ही इतकी वर्षं स्वतःलाच फसवत होता. बरं, जमलं का?’ यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. टेप टाकताना तिने मुद्दाम प्रश्न विचारला होता, म्हणे. बोलणाऱ्या माणसाला श्वास धरता येत नाही.

रक्त घेतलंय. पुढच्या आठवड्यात कळेल.

आई

१५ नोव्हेंबर

चि. मिसाओ,

रिपोर्ट आले. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, लिव्हरवर चरबी. मला वाटलं, आपण कातडीचं दाखवायला गेलो आणि ही बाई सगळी मोटार खोलून बसली.

पण तिने नीट समजावलं, ते तुलाही सांगते. हा रोग नुसता कातडीचा नाही. अंगात एक मंद आग धुमसत असते. कातडीवर ती चट्टे होऊन दिसते म्हणून आपण तिथे मलम लावत बसतो. पण तीच आग आत रक्तवाहिन्यांनाही लागलेली असते, आणि पोटावरची चरबी तिला सरपण पुरवते. म्हणून असल्या माणसांना साखर, लिव्हर, हृदय यांचं दुखणं जास्त. वजन उतरलं की पुष्कळ जणांची कातडीही निवते आणि औषध बरं लागू पडतं. ‘पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही,’ तिने स्पष्ट सांगितलं. ‘पण तुमच्या पोटाशी बोलल्याशिवाय तुमचं कोपर माझं ऐकणार नाही.’

मग विचारलं, दिवसभर काय खाता, पिता? हे म्हणाले, विशेष काही नाही. मी म्हटलं, थांबा, मी सांगते. सकाळी मिसो सूपबरोबर खारवलेला मुळा, आणि एक तुकडा नव्हे, अर्धा मुळा. दुपारी स्टेशनसमोर नूडल, वर त्याचं सूप तळापर्यंत. संध्याकाळी साके. आणि गाडीत बसून दिवसभर मशीनमधली डबाबंद गोड कॉफी. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पोलिसांत नाव दिलं. ‘डब्यातली कॉफी तुला कशी माहीत?’ अहो, तुमच्या सीटखाली डबे वाजतात, वळणावर कानठळ्या बसतात!

अंघोळीत नायलॉनच्या फडक्याने घासायचं बंद. चट्टा ओरबाडला की तो आणखी पसरतो. हे इतकी वर्षं खसाखसा घासत होते, घासलं की जाईल म्हणून.

आता मुख्य गोष्ट. निघता निघता मी विचारलंच. म्हटलं, डॉक्टरीणबाई, हे लहान बाळाला लागतं का? पाण्यातून, टॉवेलमधून, हातातून?

ती म्हणाली, ‘नाही. कशानेच नाही. रक्ताच्या नात्यात थोडा संभव असतो, पण तो जन्माबरोबर येतो, अंघोळीबरोबर नाही. हात धरा, टबात एकत्र बसा, काहीही करा.’

बाबा दारात उभे होते. बाहेर येऊन गाडीत बसले, किल्ली लावली आणि फिरवलीच नाही. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, ‘मला वाटत होतं, मिसाओचं बरोबर आहे.’

कळतंय का तुला? ते तुझ्यावर रागावले नव्हते गं. ते घाबरले होते. तुझ्या बाळाला आपल्यामुळे काही होईल म्हणून मोजे घातले होते. टोमणा वगैरे काही नव्हता. इतकी वर्षं या माणसाने कुणा डॉक्टरला एकदा विचारलं नाही, कारण ‘हो’ म्हणाले तर काय करायचं? आणि मी त्यांच्या शेजारी झोपते, मला तरी काही झालंय का, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. पुरुषाचं डोकं!

मला त्या गाडीत रडू आलं, हे लपवत नाही. मग आम्ही घरी आलो आणि मी मुळ्याची बरणी शेजारी देऊन टाकली.

आई

२८ डिसेंबर

चि. मिसाओ,

तुझं पत्र आलं. दोनच ओळी, पण आलं. ‘डॉक्टरला नक्की खात्री आहे का?’ मला राग आला, खोटं कशाला बोलू? मग वाटलं, पोटात पोर असलेली बाई विचारणारच. होय, खात्री आहे. तुझ्या तिकडच्या डॉक्टरलाही विचार. आईचं ऐकू नकोस, डॉक्टरचं ऐक.

इकडची हकिकत. पहिला महिना बाबा अगदी शहाण्या मुलासारखे वागले. डबे बंद. नूडलचं सूप वाडग्यात ठेवायला शिकले. दुपारी स्टेशनवर गिऱ्हाईक नसलं की गाडीभोवती फेऱ्या मारतात, पोरं हसतात म्हणे, हसू देत. बोटांची सूज गोळ्यांनी उतरली. मोजे पुन्हा हातात जाऊ लागले, हे मात्र चांगलं झालं की वाईट, मला कळत नाही.

मग कंपनीची वर्षअखेरची पार्टी आली. मी म्हटलं, एक पेला. हाताकेयामाने यांना घरी आणून सोडलं तेव्हा तो एक पेला नव्हता. चार दिवसांनी नडग्यांवरचे चट्टे लालभडक. बाबा म्हणे, ‘बघ, काही उपयोग नाही, एवढं उपाशी राहून काय मिळालं?’ आणि अंथरुणात तोंड खुपसून पडले. साठीच्या माणसाचा रुसवा! मी म्हटलं, चट्टे तुमच्यावर उठलेत, पेले तुम्हीच रिचवलेत, मग रुसताय कुणावर?

शिवाय वजनात फसवणूक. काट्यावर उभे राहतात ते टॉवेलच्या दांडीला धरून. मी म्हणतेय, एवढं कसं उतरलं? एक दिवस मागून जाऊन पाहिलं तर स्वारी लोंबकळतेय! आता काट्याजवळ मी उभी असते.

टेपचंही तसंच. दर रविवारी मी मोजते, आणि डॉक्टरीणबाईने शिकवलं तसं मोजताना प्रश्न विचारते. भाव काय, बर्फ किती पडलं, असं काही विचारलं तर हे ‘हं’ करून श्वास धरून ठेवतात. हुशार आहेत. परवा मी टेप घट्ट केली आणि विचारलं, ‘मिसाओ येईल का हो?’

सगळा श्वास एकदम बाहेर आला. पोट मोकळं सुटलं. चौऱ्याण्णव.

 शर्ट घातला आणि बाहेर जाऊन बर्फ काढत बसले. छतावर चढायला डॉक्टरने मनाई केलीय, म्हणून अंगणातलंच काढतात, तेही सावकाश.

नवं वर्ष सुखाचं जावो. सायोला थंडीची टोपी पाठवतेय. माप अंदाजाने घेतलंय, मला तिचं डोकं माहीत नाही.

आई

९ फेब्रुवारी

चि. मिसाओ,

पत्र तीनदा वाचलं. तू येतेयस. बरं.

तू लिहिलंस, ‘बाबांना काही सांगू नकोस, मी आल्यावर बघू.’ सांगितलं मी. असल्या गोष्टी माझ्या पोटात राहत नाहीत, आणि त्यांनी तुझ्या खोलीतली हीटरची नळी बदलायला हवी होती. ऐकून म्हणाले, ‘असं का?’ आणि तासाभरात नळी बदलून, खिडकीच्या फटी बंद करून, लहान मुलीसाठी फुटॉनची गादी वाळत घातली. बाहेर बर्फ पडतंय आणि हे फुटॉन वाळत घालतायत.

एक सांगून ठेवते. सायो त्यांच्याजवळ गेली तर तिला ओढू नकोस. आणि नाही गेली तर ढकलू नकोस. मी आणखी काही म्हणणार नाही. तू ब्लीच का घातलंस हे मला कळतं. पहिलटकरीण होतीस, दिसेल त्याची भीती वाटत होती तुला. पण मला त्यांचाही त्रास बघवत नाही, हेही खरं. दोघंही माझीच आहात, माझी मात्र मधल्यामधे चटणी.

चट्टे अजून आहेत. कोपरं फिकी पडलीयेत, नडग्या तशाच. साखर खाली आलीय, त्याचा डॉक्टरीणबाईंना माझ्याहून जास्त आनंद झाला. तू आलीस की सगळं स्वच्छ दिसेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. तसं होणार नाही. हा असाच माणूस आहे आणि असाच राहणार.

येताना जाड बूट आण.

आई

२७ मार्च

चि. मिसाओ,

तू प्रसूतिगृहात, मी चार गल्ल्या पलीकडे, आणि तरी पत्र लिहितेय. सवय लागली बघ. ही चिठ्ठी कपड्यांच्या पिशवीत घालतेय. तू कालपासून मुलाला पाजतेयस, झोप कमी, तेव्हा निवांत वाच.

काल तू मळके कपडे माझ्या हातात दिलेस आणि खिडकीकडे बघत म्हणालीस, ‘सायोला आज बाबा अंघोळ घालू देत. आणि पूर्वीसारखं पहिल्या पाण्यात.’ मी ‘बरं’ म्हटलं, कारण तिथे आणखी काही बोलले असते तर रडले असते, आणि शेजारच्या खाटेवरची बाई आधीच फार चौकस.

घरी आले. तुला माहीतच आहे, तुम्ही आल्यापासून सायो त्यांच्याभोवती घुटमळतेय आणि ते तिच्यापासून दोन हात लांब. परवा तिने त्यांच्या मोज्यांकडे बघून विचारलं, ‘आजोबा, घरात पण थंडी वाजते का?’ ते म्हणाले, ‘वाजते.’ तिने स्वतःची टोपी काढून त्यांना दिली. माझीच ती, अंदाजाने विणलेली. तिला मोठीच होत होती.

मी स्वयंपाकघरातूनच निरोप सांगितला. तोंड बघायची हिंमत नव्हती. ‘मिसाओने सांगितलंय, सायोची अंघोळ तुम्ही घालायची. पहिल्या पाण्यात.’

पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, ‘मिसाओने सांगितलं? तू नाहीस?’

‘मी नाही. मी कशाला सांगू? माझं कधी ऐकलंय तुम्ही?’

बाहेर येऊन बघते तर मोजे टेबलावर. एकावर एक, नीट घडी घातलेले. आणि त्यांचे ते हात, नखं खडबडीत, सांध्यांवर लाल, उघडे. सायोने एक बोट धरलं आणि त्यावर बोट फिरवून म्हणाली, ‘दुखतं?’

‘खाजतं,’ म्हणाले.

‘मला पण डास चावल्यावर खाजतं,’ ती म्हणाली, आणि दोघं आत गेली. झालं. मोठं काहीतरी होईल म्हणून मी टॉवेल हातात घेऊन उभी, तर विषय डासावर संपला.

मी दाराबाहेरच बसले. ऐकत होते, खोटं कशाला सांगू? आधी बाहेर अंग धुतलं, फेस, ओरडा, डोळ्यात साबण गेला म्हणून रडं. मग टबात उतरल्याचा आवाज आला, पाणी काठावरून सांडलं. पोट अजून आहेच, एक्क्याण्णव. मग बाबा म्हणाले, ‘शंभरपर्यंत मोजायचं, मगच बाहेर.’ तुला मोजायला लावायचे तसंच. सायो एकोणतीसपर्यंत जाते आणि तिथून थेट पन्नास. बाबा म्हणतात, ‘चुकलं, पुन्हा पहिल्यापासून.’ ती पुन्हा एकपासून. पुन्हा एकोणतीस, पन्नास. ‘चुकलं, पुन्हा.’ तुझ्या वेळी बिचारे पुढचा आकडा सांगायचे. आता मुद्दाम सांगत नव्हते. मला सगळं कळत होतं. शेवटी मीच दार ठोकलं, म्हटलं, अहो, पोरगी शिजेल!

दोघं लालबुंद होऊन बाहेर आली. बाबा जाऊन मलम लावून बसले आणि सायोने ट्यूब धरली. नंतर ते सवयीने पाणी सोडायला उठले. मी म्हटलं, बसा. बुचाला हात लावायचा नाही.

मग त्या पाण्यात मी उतरले. तीन वर्षांनी पुन्हा त्यांच्यामागून, त्यांच्याच पाण्यात. आणि उरलेल्या पाण्यात तुझे गाऊन धुतले, शेवटी नळाच्या पाण्यातून काढले, हीटरपुढे वाळवले. तेच पिशवीत आहेत. वरचा निळा आज घाल.

आई